रगत आणि सोयरीक

गोमा दलालाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की मला वाटलं आता हा उठून माझे दात तपासणार. बाजारात बैल बघायची त्याला सवय. माणसाकडेही तो त्याच डोळ्यांनी बघायचा. आधी पाय, मग खांदे, शेवटी डोळे. पंधरा दिवसांनी त्याने मला निकालही सांगून टाकला. "बाय, तू टिकशील. तुज्या आधीची टिकायची नाय, ते मी पयल्याच दिशी वळखलं व्हतं." माझ्या आधीची नर्स तीन महिन्यांत पेटी उचलून गेली होती हे खरं होतं, त्यामुळे मला रागावताही येईना.

लढाई नुकतीच संपली होती. मुरबाडच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. चार खाटा, एक कपाट, औषधांच्या बाटल्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आलेले डॉक्टर. गोमा म्हशाच्या बाजूच्या एका गावचा. म्हशाच्या जत्रेत एका खोंडाने त्याच्या मांडीत शिंग घातलं होतं आणि रोज मलमपट्टीला तो यायचा. पन्नाशीचा, काटक, गुडघ्याच्या वर धोतर, अंगात बंडी आणि खांद्यावर लाल रुमाल. तो रुमाल म्हणजे त्याचं दुकान. गुरांचा सौदा तोंडाने करत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याच्याखाली घेणाऱ्याचा हात हातात घेतो आणि बोटं दाबून भाव ठरतो. बाजूला गर्दी उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. गोमा सांगायचा, माणूस चारचौघांत खोटं बोलतो, रुमालाखाली बोलत नाही. याशिवाय त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बघू या की." हो म्हणायचं असलं तरी तेच आणि नाही म्हणायचं असलं तरी तेच.

जखम भरली तरी तो यायचा. डॉक्टरांनी लढाईवरून सुया, रबराच्या नळ्या आणि बाटल्यांची एक पेटी आणली होती. एका माणसाचं रक्त काढून दुसऱ्याला देता येतं आणि मरायला टेकलेला माणूस उठून बसतो, हे त्यांनी तिकडे शेकडो वेळा केलं होतं. इकडे एकदाही जमेना. कोंबडं मागा, बोकड मागा, पण रगत मागू नका, असं लोक हात जोडून सांगत. रक्त दिलं की माणूस खंगतो, वर्षभरात जातो, अशी सगळ्यांची खात्री. त्या महिन्यात एक बाळंतीण आमच्या हातांत गेली आणि तिचे तीन धडधाकट भाऊ बाहेर चिंचेखाली उभे होते. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवले, पण मला माझीच लाज वाटली.

गोमाने हे सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची उलटतपासणी घेतली. अंगात रगत असतं किती, तुम्ही काढता किती, ते परत भरतं का, किती दिवसांनी भरतं, आणि नाही भरलं तर जबाबदार कोण. डॉक्टर कंटाळले नाहीत. कुणी विचारतंय याचाच त्यांना आनंद. तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, असं ते म्हणाले. गोमाने मान हलवली. दुभती गाय पिळली म्हणून आटत नाही, पिळायची थांबली की आटते, एवढं त्याला पटलं. मी लगेच विचारलं, मग देता का काका? तो रुमाल झटकून उठला आणि म्हणाला, "बघू या की."

आता ठकूबद्दल सांगायला हवं. गोमाची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो आणि त्याचा मुलगा पांडू. पांडू भाकरी थापायचा ती एका बाजूने करपलेली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची, असं गोमा स्वतः सांगायचा. त्याला सून हवी होती, पण बैल निवडणारा माणूस सून काय सहज निवडणार? दोन वर्षं शोध चालला. शेवटी जत्रेत एक बैल दावं तोडून उधळला, बाप्ये मंडळी पळाली आणि किन्हवलीच्या अलीकडच्या गावची एक मुलगी जागची हलली नाही. बैल जवळून गेला तसं तिने वाकून दावं उचललं. ती ठकू. गोमाने तिच्या बापाचा असा पिच्छा पुरवला की तो माणूस बाजाराची वाट बदलून जाऊ लागला. अखेर सुपारी फुटली. लग्न वैशाखात ठरलं. त्या दिवसांत गोमा मलमपट्टी करून घेताना फक्त ठकूबद्दल बोलायचा. पांडूला मी पाहिलं नव्हतं, पण ठकूच्या डाव्या गालावर तीळ आहे हे मला ठाऊक होतं.

फाल्गुनात भातखाचरांत राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायची जागा फांद्या-पाला पेटवून भाजून घेतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या असतात. ठकू झाडावर चढली होती. कोयता निसटला आणि मांडीत गेला. नेमके त्याच दिवशी गोमा आणि त्याच्या गावचे राऊजी, जातीच्या पंचांतले सगळ्यांत मोठे, लग्नाचा मानपान ठरवायला तिकडे गेले होते. गोमाने आपला रुमाल तिच्या मांडीला करकचून बांधला आणि गाडी स्वतः हाकत मुरबाडला आणली. गाडीत तिचा बाप, भाऊ आणि राऊजी. मुलगी हळदीसारखी पिवळी पडली होती. नाडी माझ्या बोटांना लागेना.

डॉक्टरांनी जखम शिवली आणि रक्त मागितलं. बाप पुढे झाला. काचेच्या पट्टीवर त्याच्या रक्ताचा थेंब मुलीच्या रक्तात मिसळला, तर गुठळ्या धरल्या. भावाचंही तेच. बापाचं रक्त मुलीला चालत नाही म्हटल्यावर तिचा बाप खाली बसला आणि राऊजींनी भुवया अशा चढवल्या की त्यांच्या मनात काय आलं ते सगळ्यांना कळलं. गोमा तिथल्या तिथे म्हणाला की काळ्या गाईला नि पांढऱ्या बैलाला तांबडं वासरू झालेलं त्याने डझनावारी पाहिलंय, आणि त्यावरून कोणी गाईला नावं ठेवलेली त्याला आठवत नाहीत. राऊजींच्या भुवया खाली आल्या.

मग डॉक्टरांनी गोमाचा थेंब घेतला. तो जुळला. त्याचं रक्त बहुतेक सगळ्यांना चालणारं आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोमा बंडी काढायला लागला तेव्हा राऊजींनी त्याचा दंड धरला.

"गोमा, नीट इचार कर. तुजं रगत तिच्या अंगात गेलं की ती तुजी लेक झाली. पांडूची भैण. लेकीला सून करून नेशील? पंच मानायचे नाय."

हा विचार आमच्या डॉक्टरांच्या डोक्यात सात जन्मांत आला नसता, पण गोमाच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्याच्या डोक्यात तो राऊजींच्या आधीच आला होता. गाडी हाकतानाच आला असणार. दोन वर्षं शोधलेली सून. त्याने ठकूकडे पाहिलं. पायांकडे नाही, खांद्यांकडे नाही, एकदम चेहऱ्याकडे.

"जगली म्हंजे झालं, लेक तर लेक," तो म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

सुई मी धरली होती, म्हणून सांगते. हा माणूस घाबरला होता. कपाळावर घाम, पायांची बोटं आखडलेली. बाटलीकडे बघू नका म्हटलं तर त्याने डोळे मिटले आणि आपण विकलेल्या बैलांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोणता बैल, कोणत्या गावात दिला, कोणत्या पायाने अधू होता. एकोणिसाव्या बैलाला बाटली भरली. पुढे ते माझं मापच होऊन बसलं. कसं वाटलं विचारलं तर तो म्हणाला, की ओढ्याला पाणी असताना पलीकडे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, तसं दंडातून काहीतरी सरकत जातं. दुखत नाही, पण आपलं आपल्याला जाणवत राहतं. मग हाताचे पंजे गार पडतात आणि अशी तहान लागते की विहीर पुरायची नाही. मी गूळ-पाणी दिलं. तो ते प्यायला नाही, आधी ठकूच्या खाटेपाशी गेला. तासाभराने तिच्या ओठांवर रंग चढला आणि तिने पाणी मागितलं. डॉक्टर बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. मी तिथेच रडले.

आठ दिवसांत पंच बसले आणि सोयरीक मोडली. गोमाने वाद घातला नाही. त्याने एवढंच विचारलं, की ज्याला ज्याला रगत देईन तो माझ्या घरचा, हे नक्की ना? राऊजी हो म्हणाले. गोमाने ते त्यांच्याकडून सगळ्या गावासमोर तीन वेळा म्हणवून घेतलं. हे त्यानेच मला येऊन सांगितलं, आणि सांगताना तो दुःखी अजिबात दिसत नव्हता. मला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला. पांडूला मात्र त्याने बजावलं होतं की दुसरी पोरगी बघायची नाही.

त्यानंतर तो तीन पौर्णिमा झाल्या की हजर. "भरलं. कोण हाय का?" डोळखांबकडच्या एका लाकूडतोड्याला रानडुकराने फाडलं होतं, त्याला दिलं. एका कातकरणीला दिलं. जातीबाहेरच्यांना दिलं म्हणून पंचांनी पुन्हा नाकं मुरडली, तर याने विचारलं, ते बी माझ्या घरचे झाले का?

सारा गाव त्याच्या खंगण्याची वाट बघत होता. वाईट मनाने नव्हे, आपला अंदाज खरा ठरावा एवढंच. म्हणून हा रक्त देऊन उठला की मुद्दाम बाजारातून जाई, कोणाची तरी भाताची गोणी पाठीवर घेई आणि गाडीत टाकी. डॉक्टर ओरडून थकले. एकदा असाच तो निघाला आणि मी मागच्या दाराने राख टाकायला गेले, तर दवाखान्याच्या मागे भिंतीला टेकून हा बसलेला, डोळे पांढरे. मी तोंडावर पाणी मारलं, पाय उचलून धरले. शुद्धीवर आल्या आल्या त्याने माझा हात घट्ट धरला. "बाय, हे कोणाला सांगशील तर त्या खाटेवर परत कोणी यायचा नाय." मी त्याला चांगलं झापलं. मोठं शूर व्हायला निघालात, गोणी उचलायला सांगितलं कोणी? त्या दिवसापासून गोणी बंद झाली आणि गूळ-पाणी सुरू झालं. मी आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं.

ठकू अधूनमधून पाय दाखवायला यायची. किंचित लंगडायची. बापाने शहापूरचं एक स्थळ आणलं होतं, तिने नाही म्हटलं. दुसरं आणलं, त्यालाही नाही. मी तिला विचारलं, पंचांनी कधीच ऐकलं नाही तर? ती पट्टी बांधून घेत शांतपणे म्हणाली, "मी मेलेलीच व्हते, बाय. आता जगतेय ती त्याच घरात जायला. नायतर ऱ्हाईन अशीच." सतराव्या वर्षी एवढं ठाम बोलणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. सून निवडायला गोमाला दोन वर्षं का लागली ते मला त्या दिवशी उमगलं.

वर्ष सरलं आणि पुन्हा फाल्गुन आला. एका दुपारी राऊजींची मुलगी यशोदा आमच्याकडे आली. ती गोमाच्या पुतण्याला दिलेली होती. मूल झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. राऊजींनी स्वतः हात पुढे केला. म्हातारा घाबरला असेल, पण मागे सरला नाही, हे मी कबूल करते. त्यांचं जुळलं नाही. नवरा चिंचेखाली उभा होता. डॉक्टरांनी हाक मारली तर तो खाली बघत पुटपुटला, की माझं रगत घातलं तर ती माझी भैण व्हईल, मग मी तिला नांदवू कसा? हा नियम कोणी केला होता, ते ऐकणाऱ्यांना माहीत होतं. राऊजी ओट्यावर बसले होते. त्यांनीही ऐकलं.

गोमाला बाजारातून बोलवायला माणूस जायच्या आधीच तो आला. बातमी त्याला वाटेत लागली होती. तो राऊजींसमोर जाऊन बसला. राऊजींना तोंडाने मागता येईना. आजूबाजूला वीसेक माणसं. गोमाने खांद्यावरचा रुमाल काढला, पसरला आणि त्याच्याखाली राऊजींचा हात हातात घेतला. असे ते दोघे क्षणभर बसले. मग गोमा उठून आत आला आणि खाटेवर पडून बैलांची नावं घेऊ लागला.

यशोदा वाचली. संध्याकाळी मला राहवेना. रुमालाखाली काय सौदा ठरला, मी विचारलं. सोयरीक परत मागितली असणार, याची मला खात्री होती. गोमाने माझ्याकडे चमकून पाहिलं. "कसला सौदा? त्याचा हात बर्फावानी गार झालता. नुसता धरला." मला माझ्या शंकेची शरम वाटली.

पण याच माणसाने आठ दिवसांनी पंचांना बोलावलं. यशोदा तेव्हा अजून आमच्याकडेच होती, म्हणून बैठक दवाखान्याच्या चिंचेखालीच झाली आणि मी दारातून ऐकली. गोमाने आवाज चढवला नाही. "राऊजी, तुमी तीन डाव बोललात, ज्याला रगत दिलं तो माज्या घरचा. म्हंजे यशोदा माजी लेक. तिचा नवरा माजा पुतण्या, तिचा भाऊ झाला. तवा आता तिला माघारी तुमच्याकडं धाडू, का त्याच्याकडं नांदू द्यू? तुमी सांगाल तसं."

आतून बाळ रडत होतं. बाकीचे पंच पागोटं सारखं करणं, तंबाखू मळणं अशा कामांना लागले. अखेर राऊजी म्हणाले, "रगत येगळं नि नातं येगळं. माजं चुकलं." एवढं म्हणून ते उठले आणि नातवाला बघायला आत आले.

मी गोमाला नंतर विचारलं, की म्हातारा आपल्या शब्दाला चिकटला असता तर? यशोदेचं घर तुम्ही मोडलं असतं? मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्या बैठकीत तो मला जरा निष्ठुर वाटला होता. तो हसला आणि म्हणाला, "बघू या की." त्यावर मला आजही समाधान नाही.

वैशाखात लग्न झालं. मी गेले होते. ठकू लंगडत बोहल्यावर चढली आणि पांडू एकदाचा मला दिसला. पोरगा चांगला होता, पण बापाने त्याच्या रूपाबद्दल कधी काही का सांगितलं नव्हतं, तेही कळलं.

पुढच्या हिवाळ्यात मी ती नोकरी सोडली. आईची तब्येत बरी नव्हती, मला गावी जाणं भाग होतं. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी गोमाला सांगून टाकलं होतं, की आता वय झालं, अंगात रक्त कमी आहे, यापुढे तुझं घेणार नाही. त्याने दोन दिवस डॉक्टरांशी अबोला धरला. मी निघाले त्या सकाळी मात्र तो मोटारीपर्यंत पोचवायला आला. बरोबर ठकू होती, हातात माझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. तिला सहावा महिना होता.

मोटार निघायला अवकाश होता, तेवढ्यात दवाखान्याच्या ओट्यावर डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून एक झोळी उतरली. आत एक बाई, बाळंतपणातलीच. आम्ही तिघंही तिकडे गेलो. मी पदर खोचून आत शिरले. तिच्या नवऱ्याचा थेंब काचेवर जुळला. पण तो माणूस दाराशी अडून उभा राहिला आणि त्याने तेच सांगितलं, जे आम्ही यशोदेच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. त्या पाड्यावर आमच्या चिंचेखालची बैठक कुठली पोचायला.

डॉक्टर समजावू लागले. गोमाने त्यांना हाताने थांबवलं. सूनबाईला त्याने पुढे बोलावलं. ठकूने लाजून पदर ओढून घेतला, पण ती आली आणि त्या माणसासमोर उभी राहिली.

"बघ रे," गोमा म्हणाला. "हिच्या अंगात माजं रगत हाय. नि हिच्या पोटात माजा नातू हाय. दोनी हिच्यातच हायत नि दोनी बरे हायत."

तो माणूस ठकूकडे बघत राहिला. ठकूने मान वर केली आणि तीही त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, मला जायला हवं होतं. मला निरोप द्यायला आलेला गोमा मला साफ विसरला होता, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा तो त्या माणसाला खाटेवर बसवून त्याच्या बंडीची बटणं काढत होता.